लॅबच्या संगणकांची फेरफार नोंदवही

सात-बाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी एका वर्तुळात आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. जमीन आज कोणाच्या नावावर आहे हे उतारा सांगतो. ती खरेदीने आली, वारसाने आली की वाटपात मिळाली, हे पाहायचं तर गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीच उघडावी लागते. आमच्या आंबेगाव तालुक्यात शेताच्या बांधावर वाढलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मात्र आपण ना उतारा काढून ठेवत, ना फेरफार. सुट्टीत मशीन्स नव्या आवृत्तीवर नेतो, सुट्टी संपते, आणि मग महिनाभर प्रत्येक तासाला कोणीतरी म्हणतं, ‘सर, काल चालत होतं.’

हा लेख त्या ‘काल’चा हिशोब ठेवण्याबद्दल आहे. तो लॅब असिस्टंटसाठी आहे, प्रॅक्टिकल घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे, आणि ‘शनिवारी जरा थांबशील का, मशीन्स अपग्रेड करायच्यात’ असं ज्यांना हक्काने सांगितलं जातं त्या टीई-बीईच्या मुलामुलींसाठी तर आहेच. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय २००९ पासून आहे, शासकीय तंत्रनिकेतनही आहे, आणि मंचरपासून नारायणगाव-जुन्नरपर्यंत कॉलेजांची संख्या कमी नाही. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांना ६४ बिट मुक्तस्रोत लिनक्स सुचवलेली असते. म्हणजे डेबियन किंवा उबुंटूच्या मोठ्या आवृत्त्या बदलणं हे दर दोन-तीन वर्षांनी येणारं ठरलेलं काम आहे. ठरलेलं काम आहे, तर त्याची नोंदही ठरलेली हवी.

मला हे उशिरा कळलं. या पट्ट्यातल्या एका कॉलेजात डेबियन ११ वरून १२ वर जाण्याचं काम माझ्याकडे आलं. वेळ कमी होता म्हणून मी अपग्रेडच्या भानगडीत न पडता डिस्क कोऱ्या केल्या आणि सगळं नव्याने टाकलं. पहिल्या आठवड्यात पायथनच्या बॅचने पिप चालवलं आणि समोर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी लाल ओळ आली. ती निस्तरली. खरा त्रास तिसऱ्या आठवड्यात झाला. एका मुलीचा मिनी प्रोजेक्ट होता, बाजार समितीतल्या कांद्याच्या आवकेची नोंद ठेवणारं छोटं वेबपान. सेमिस्टरभर चाललेलं ते पान ‘सेव्ह’ दाबलं की पांढरं व्हायचं. तिने कोडची एक ओळही बदलली नव्हती. सबमिशन दोन दिवसांवर होतं.

कारण सापडायला संध्याकाळ गेली. तिचं पान आवकेची नोंद एका टेबलात करायचं आणि शिवाय एक ओळ ‘लॉग’ नावाच्या दुसऱ्या टेबलात लिहायचं. ते दुसरं टेबल लॅबच्या मशीनवर कधी तयारच केलेलं नव्हतं. डेबियन ११ मध्ये पीएचपी ७.४ होतं; तिथे अशी चुकलेली क्वेरी गुपचूप ‘असत्य’ हे उत्तर देऊन पुढे जायची. डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आलं, आणि पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय चुकीच्या क्वेरीवर अपवाद फेकून थांबतं. चूक मुलीची होती, ती उघडी पडली हेही चांगलंच. पण ‘तुझ्या मशीनवर पीएचपी ७ चं ८ झालंय’ हे एक वाक्य तिला पहिल्याच दिवशी कोणी सांगू शकलं असतं तर तिच्या दोन रात्री वाचल्या असत्या. आम्ही सांगू शकलो नाही, कारण आधी काय होतं ते कुठेच उरलं नव्हतं. डिस्क पुसताना लॉगही पुसले गेले होते.

एवढ्यावरून मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे. बदलांची यादी माणसाने करायची नाही, ती मशीनकडून करून घ्यायची. आणि त्या बदलांचा आपल्या प्रॅक्टिकलला काय अर्थ आहे, हे मशीनवर सोडायचं नाही, ते माणसाने लिहायचं. तलाठी नोंद धरतो आणि मंडळ अधिकारी तपासून प्रमाणित करतो, तशी ही दोन वेगळी कामं आहेत.

हाताने का नाही, याचं उत्तर आकड्यांत आहे. जून २०२३ मध्ये डेबियन १२ जाहीर झालं तेव्हा त्यात एकूण ६४,४१९ पॅकेजेस होती. त्यातली ११,०८९ नवी, ४३,२५४ सुधारलेली, शिवाय जुन्यांपैकी ६,२९६ काढून टाकलेली. आपल्या लॅबच्या एका मशीनवर यातली दीड-दोन हजार सहज असतात. डेबियनवाले प्रत्येक आवृत्तीबरोबर प्रकाशन-टिपणं देतात आणि ती मन लावून लिहिलेली असतात. अपग्रेडच्या आधी ती वाचाच. पण ती साऱ्या जगासाठी लिहिलेली असतात. तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये काय होतं आणि काय गेलं, हे त्यात नसतं.

आधीचा उतारा

सर्वात महत्त्वाचं काम अपग्रेडच्या आधीचं आहे, कारण ते नंतर करता येत नाही. मशीनवर काय काय बसवलेलं आहे हे डीपीकेजीच्या नोंदीत असतं आणि ‘डीपीकेजी-क्वेरी’ ही कमांड ते हव्या त्या साच्यात काढून देते. साच्यात पाच रकाने मागा: पॅकेजचं नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर, सोर्स पॅकेजचं नाव आणि स्थिती. शेवटचे दोन बहुतेकजण विसरतात आणि तिथेच फसतात. रकान्यांची नेमकी नावं कमांडच्या मॅन पेजमध्ये आहेत.

स्थितीचा रकाना का हवा? डीपीकेजीच्या यादीत काढून टाकलेली पण मागे कॉन्फिगरेशन फाइल ठेवून गेलेली पॅकेजेसही येतात. ती मशीनवर नसतात, नोंदीत असतात. गाव सोडून गेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर राहावं तसं. स्थितीच्या रकान्यातलं दुसरं अक्षर आय असेल तेवढीच ओळ पूर्ण बसवलेल्या पॅकेजची. बाकीच्या गाळा, पण गाळण्याआधी एकदा नजरेखालून घाला. आपल्याकडे ऐन अपग्रेडमध्ये वीज जाते आणि काही पॅकेजेस अर्धवट उलगडलेली राहतात. ती याच रकान्यात दिसतात. ‘डीपीकेजी ऑडिट’ चालवलं तरी ती समोर येतात.

दुसरी यादी ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ची. माणसाने मुद्दाम मागून बसवलेली पॅकेजेस कोणती आणि त्यांच्यामागून ओढली गेलेली कोणती, हे ती वेगळं करते. दोन हजारांच्या यादीतून शे-दीडशेवर येण्याचा हा सरळ रस्ता. तिसरी नोंद ॲप्ट कुठून पॅकेजेस घेतं त्या स्रोतांच्या फाइलींची, कारण कोणीतरी कधीकाळी बाहेरची रिपॉझिटरी जोडून ठेवलेली असते. चौथी पिप फ्रीझची, कारण पिपने टाकलेलं डीपीकेजीला दिसत नाही. संकेतस्थळावरून उतरवून ऑप्ट फोल्डरमध्ये किंवा होममध्ये टाकलेला अर्ड्विनो आयडीई, अँड्रॉइड स्टुडिओ, जावाची वेगळी प्रत, हेही कुठल्याच यादीत येत नाही. त्या फोल्डरांची नावंही या सगळ्या याद्या काढणाऱ्या स्क्रिप्टकडूनच एका फाइलीत लिहून घ्या.

सगळ्या याद्या क्रमाने लावून ठेवा आणि क्रम लावताना भाषेची सेटिंग ‘सी’ वर बांधा. ही बारीकशी गोष्ट आहे, पण मी यात अर्धा दिवस घालवला आहे. एका मशीनची भाषा मराठी असेल आणि दुसऱ्याची इंग्रजी, तर दोघांची क्रम लावण्याची रीत वेगळी पडते. याद्या सारख्या असूनही तुलना करणारी कमांड शेकडो फरक दाखवते.

ही सगळी फाइल्सची मोळी गिटमध्ये ठेवा. प्रत्येक मशीनची वेगळी फाइल ठेवायची गरज नसते. तीस मशीन्सच्या याद्यांचे चेकसम काढा. ज्यांचे जुळतात त्यांचा एक गट आणि एक फाइल. दोन-तीन मशीन्स हमखास वेगळी निघतात. कोपऱ्यातलं एखादं, ज्यावर कोणा प्रोजेक्ट ग्रुपने वर्षभर काहीबाही टाकलेलं असतं, ते वेगळं असणारच. त्याची फाइल वेगळी, आणि अपग्रेडआधी त्या ग्रुपला विचारायचं. गिटमध्ये नोंद करताना खूण साधी ठेवा: लॅबचं नाव, ‘आधी’ किंवा ‘नंतर’, आणि तारीख.

लॉग तर असतातच की, असं कोणी म्हणेल. ॲप्टचा हिस्टरी लॉग असतो, डीपीकेजीचा असतो, आणि रोजच्या किरकोळ बदलांसाठी ते उत्तमच आहेत. पण डेबियनमध्ये ते महिन्याला गुंडाळले जातात आणि बाराच ठेवले जातात. वर्ष उलटलं की जुनी पानं जातात, आणि डिस्क कोरी केली तर सगळीच जातात. म्हणून यादी त्या मशीनबाहेर हवी. एक समाधान मात्र आहे: डेबियनच्या पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्या २००५ पासूनच्या तारखांनुसार ‘स्नॅपशॉट’ या त्यांच्याच सेवेत जपलेल्या आहेत. तुमच्या यादीत जुना आवृत्ती क्रमांक असेल, तर ती जुनी प्रत तिथून आणून ताडून बघता येते. यादी नसेल, तर काय आणायचं हेच कळत नाही.

तुलना करताना

अपग्रेड झालं की तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आणि दोन याद्या समोरासमोर धरायच्या. आलेली, गेलेली आणि बदललेली असे तीन ढीग पडतात. हे काम शेलच्या ‘कॉम’ आणि ‘जॉइन’नेही होतं, पायथनमध्ये केलं तर साठ-सत्तर ओळींत होतं. दोन ठिकाणी मात्र सावध राहा.

पहिलं, आवृत्ती क्रमांकांची तुलना अक्षरांसारखी करू नका. डेबियन ११ मध्ये पायथन ३.९ होतं, १२ मध्ये ३.११ आहे. अक्षरांच्या हिशोबाने ३.११ हे ३.९ च्या आधी येतं, कारण १ हा ९ च्या आधीचा. तुमचा अहवाल छातीठोकपणे सांगेल की पायथन मागे गेलं. शिवाय डेबियनच्या क्रमांकांची स्वतःची रीत आहे. कोलनच्या आधीचा आकडा ‘एपोक’चा, तो बाकी सगळ्यावर मात करतो, आणि टिल्डचं चिन्ह असलेली आवृत्ती त्याविना असलेल्या आवृत्तीच्या आधीची धरली जाते. हे नियम स्वतः लिहायला जाऊ नका. डीपीकेजीमध्येच ‘कंपेअर-व्हर्जन्स’ हा पर्याय आहे, त्याला विचारा.

दुसरं, नाव बदललं म्हणजे वस्तू बदलली असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चं उदाहरण घ्या. ३२ बिटांत वेळ मोजणाऱ्या यंत्रणांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो आणि पुढे मोजता येत नाही. म्हणून डेबियनने वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला, आणि त्या ओघात शेकडो लायब्ररी पॅकेजांच्या नावापुढे ‘टी ६४’ लागलं. कालचं ‘लिबएसएसएल ३’ आज ‘लिबएसएसएल ३ टी ६४’ झालं. आपल्या ६४ बिट मशीनवर त्याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही. पण भोळी स्क्रिप्ट सांगते की शेकडो पॅकेजेस गेली आणि शेकडो नवी आली. हा अहवाल बघून एखादा शिक्षक घाबरेल आणि दुसरा तो बाजूला ठेवील; दोन्ही वाईटच. इथे सोर्स पॅकेजचा रकाना कामाला येतो. जुन्या आणि नव्या दोन्ही नावांचं सोर्स एकच असतं, ओपनएसएसएल. गेलेल्या आणि आलेल्या नावांची आधी सोर्सवरून जोडी लावा. जोडी लागली तर ‘नाव बदललं’ या चौथ्या ढिगात टाका. मूळ पुरुष एकच असला की नाती जुळवायला वेळ लागत नाही.

डेबियनमध्ये एक आवृत्ती गाळून उडी मारायची सोय नाही. ११ वरून १३ वर जायचं तर मध्ये १२ वर थांबावंच लागतं. तिथेही यादी काढा. नाहीतर कोणता बदल कोणत्या टप्प्यात झाला हे नंतर वेगळं करता येत नाही, आणि प्रकाशन-टिपणं तर टप्प्यानुसारच लिहिलेली असतात.

ही सगळी रीत डेबियन-उबुंटूची सांगितली. फेडोराच्या ॲटॉमिक प्रतिमांवर ‘आरपीएम-ओएसट्री’ दोन स्थितींमधला पॅकेजांचा फरक स्वतःच काढून देतं, ओपनसुसेच्या टंबलवीडमध्ये प्रत्येक नव्या स्नॅपशॉटबरोबर बदललेल्या पॅकेजांची यादी आपोआप बनते. ईएनटीसी आणि इन्स्ट्रुमेंटेशनची जी मुलं बोर्डासाठी योक्टोवर स्वतःची प्रतिमा बनवतात, त्यांना त्यातला ‘बिल्डहिस्टरी’ चालू केला की दोन बिल्डमधला फरक गिटमध्येच मिळतो. तुमचं काम आधीच कोणी करून ठेवलं असेल तर ते वापरा.

शेरा

तुलना झाल्यावर हातात पंधराशे ओळींची फाइल येते. ती जशीच्या तशी कोणाला देऊ नका. आपल्या लॅबचं ज्यावाचून चालत नाही अशा नावांची एक छोटी यादी करा. ही यादी विषयवार जर्नल समोर घेऊन, शिक्षकांना विचारून करायची: जीसीसी, पायथन, जावा, पीएचपी, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल, ऑक्टेव्ह, कोडब्लॉक्स, लिबरऑफिस, आणि मराठी फॉन्ट. वीस-पंचवीस नावांत भागतं. मराठीचं विसरू नका. लोहितचे देवनागरी फॉन्ट, मराठी टाइप करण्याची आयबस-एमसेव्हन्टीनएन, मराठी शब्दांची ॲस्पेल यादी, टेसरॅक्टचा मराठी डेटा ही सगळी वेगवेगळी पॅकेजेस आहेत. यातलं एखादं नव्या मशीनवर आलं नाही तर प्रोग्राम कोणताच अडत नाही, म्हणून आठवडेन् आठवडे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग ऑफिसातून कोणीतरी नोटीस टाइप करायला येतं आणि चौकटी दिसतात.

या वीस-पंचवीस नावांपुढे स्क्रिप्टने दोन गोष्टी आणून ठेवायच्या. एक, जुनी आणि नवी आवृत्ती. दोन, त्या पॅकेजच्या डॉक फोल्डरमधल्या ‘न्यूज’ फाइलीतला नवा भाग. चेंजलॉग आणि न्यूज यात फरक आहे. चेंजलॉगमध्ये पॅकेज बनवणाऱ्याचं प्रत्येक बारीक काम असतं. न्यूजमध्ये फक्त ‘वापरणाऱ्याने हे लक्षात घ्यावं’ अशा गोष्टी. ‘ॲप्ट-लिस्टचेंजेस’ हे पॅकेज अपग्रेड करतानाच न्यूज दाखवतं, सांगितलं तर मेलही करतं. ते बसवलं नसेल तर बसवा आणि मेलचा पत्ता लॅबचा द्या, एका माणसाचा नको. माणसाची बदली होते.

तिसरा रकाना शेऱ्याचा. तो स्क्रिप्टने कोरा सोडायचा आणि माणसाने भरायचा. शेरा कसा असावा, हे प्रत्यक्षच दाखवतो.

पायथन ३: ३.९.२ चं ३.११.२ झालं. शेरा: पिप थेट चालणार नाही. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या फोल्डरमध्ये व्हेन्व्ह करून मगच पिप. त्यासाठी पायथन ३-व्हेन्व्ह हे वेगळं पॅकेज सर्व मशीन्सवर टाकलं. जर्नलच्या सूचनेत एक ओळ वाढवावी.

पीएचपी: ७.४ चं ८.२ झालं. शेरा: डेटाबेसची क्वेरी चुकली तर पान आता थांबतं. जुने मिनी प्रोजेक्ट सबमिशनआधी एकदा पूर्ण चालवून बघावेत.

जीसीसी: १२.२ चं १४.२ झालं (डेबियन १३). शेरा: मेनच्या आधी इंट न लिहिलेले, हेडर न घेता फंक्शन वापरणारे आणि गेट्स वापरणारे प्रोग्राम आता कंपाइल होत नाहीत, पूर्वी नुसती वॉर्निंग यायची. मॅन्युअलमधले सर्व सी प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिले. जे अडले ते दुरुस्त करायला विषयशिक्षकांकडे दिले.

या तिसऱ्या शेऱ्याकडे मी तुमचं लक्ष मुद्दाम वेधतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवून घेतलेल्या मॅन्युअल्समध्ये नुसतं मेन आणि कंस अशी सुरुवात असते, आणि नाव वाचायला गेट्स असतो. प्रॅक्टिकल परीक्षेला एक्स्टर्नल समोर बसलेत, मुलाने पाठ केलेला प्रोग्राम बिनचूक टाइप केलाय, आणि मशीन म्हणतंय ‘एरर’. त्या मुलाला वाटतं आपणच काहीतरी चुकलो. त्याच्या हाताला घाम फुटतो, तो त्याच ओळी पुसून पुन्हा टाइप करतो. परीक्षेच्या महिनाभर आधी भिंतीवर लावलेल्या एका कागदाने हे टळतं. ही नोंदवही ठेवायला मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

शेरा लिहिताना तीन गोष्टी पाहा: काय बदललं, कोणाला अडेल, त्याने काय करावं. ‘काळजी घ्यावी’ असं लिहू नका; कोणती आणि कोणी ते लिहा. आणि फरक पडत नसेल तर तसंही लिहा. ओपनएसएसएलपुढे ‘नाव बदललं, प्रॅक्टिकलला परिणाम नाही’ एवढा शेरा असला की पुढच्या माणसाला कळतं, हे कोणीतरी पाहिलेलं आहे. कोऱ्या रकान्यातून ते कळत नाही.

आता यातली सगळ्यात जास्त होणारी चूक. लोक स्क्रिप्टने बनवलेल्या फाइलीतच शेरे लिहितात. पंधरा दिवसांनी कोणी स्क्रिप्ट पुन्हा चालवतो आणि सगळे शेरे पुसले जातात. त्यानंतर कोणी शेरा लिहीत नाही, आणि नोंदवही तिथेच संपते. म्हणून शेऱ्यांची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. तिच्यात पॅकेजचं नाव, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती आणि शेरा. स्क्रिप्टने ही फाइल फक्त वाचायची, तिच्यात कधीही लिहायचं नाही. अहवाल बनवताना स्क्रिप्ट याद्या आणि शेरे जोडते. शेरा नसेल तिथे ‘शेरा बाकी’ असं ठळक छापते. एखाद्या पॅकेजची आवृत्ती पुन्हा बदलली तर जुना शेरा आपोआप लागू करायचा नाही, ‘जुना शेरा, पुन्हा तपासा’ अशा खुणेसह दाखवायचा. पाच-सहा ओळींचं काम आहे, पण टिकणारी नोंदवही आणि चार महिन्यांत बंद पडणारी यांत फरक या ओळींचाच आहे.

मधल्या काळातल्या लहान बदलांसाठी ॲप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘पोस्ट-इन्व्होक’ची सोय आहे. डीपीकेजीचं काम झालं की ते तुम्ही सांगितलेली कमांड चालवतं. तिथे यादी काढून गिटमध्ये ठेवणारी स्क्रिप्ट जोडता येते. सेटिंगच्या फाइलींसाठी ‘ईटीसीकीपर’ अशाच तऱ्हेने चालतो. एका अपग्रेडमध्ये ही कमांड अनेकदा चालू शकते, म्हणून ती हलकी हवी, आणि ती अडखळली तर ॲप्टही तक्रार करतं, म्हणून तिने शेवटी यशाचाच कोड द्यायला हवा. हे नको असेल तर रात्रीचा क्रॉन पुरे.

नेटचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. तीस मशीन्सनी तीच पॅकेजेस तीसदा उतरवू नयेत म्हणून लॅबच्या एका मशीनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा. त्याचा नोंदवहीलाही फायदा होतो: सगळ्या मशीन्सना एकच प्रत मिळते, चेकसमचे गट कमी होतात. आणि पहिलं मशीन एकटंच पुढे न्या. त्याचा अहवाल काढा, शेरे भरा, शिक्षकांना त्यावर आपापली प्रॅक्टिकल्स चालवून बघायला बसवा. अहवालावर सही झाल्याशिवाय बाकीच्या एकोणतीसांना हात लावू नका.

या नोंदींचं महत्त्व ज्यांना पटत नसेल त्यांनी नारायणगावजवळ खोडदला जाऊन यावं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण उभी आहे, आणि तिच्यातून आलेला डेटा खगोलशास्त्रज्ञ वर्षांनंतरही पुन्हा उघडून तपासतात. त्या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या ‘एप्स’ या जुन्या पॅकेजच्या आवृत्तीचं नावच मुळी ‘३१ डिसेंबर’ आणि पुढे वर्ष असं असतं. आकाशाचा नकाशा कोणत्या आवृत्तीने काढला हे लिहिलेलं नसेल, तर दोन नकाशांतला फरक ताऱ्यांमुळे आहे की सॉफ्टवेअरमुळे, हे सांगता येणार नाही. आपल्या बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘सॉफ्टवेअर: पायथन, ओपनसीव्ही’ एवढंच छापलेलं असतं. तुमची यादी तयार असेल तर रिपोर्टच्या परिशिष्टात ती स्क्रिप्टनेच जोडून द्या. पुढच्या वर्षी तोच प्रोजेक्ट पुढे नेणाऱ्या ग्रुपला मार्गदर्शकांइतकाच तिचा आधार होईल.

अहवाल कुठल्या रूपात ठेवायचा? गिटमध्ये साधा मजकूर, वाचणाऱ्यांसाठी कॅल्कमध्ये उघडेल अशी फाइल, आणि शेरे असलेल्या वीस-पंचवीस ओळींचा छापील कागद. छापील कागद एक पानाचाच. तो लॅबच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा आणि दुसरी प्रत डेड स्टॉक रजिस्टरच्या फाइलीत. खाली दोन सह्या: ज्याने यादी काढली त्याची, आणि ज्याने शेरे तपासले त्याची. मुलांनाही शेरा सुचवू द्या. काय मोडलंय ते त्यांना आपल्या आधी कळतं.

अजून ३२ बिटची जुनी मशीन्स तुमच्याकडे असतील, आणि आपल्याकडे ती असतातच, तर त्यांचा विचार आत्ताच करा. डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. ती १२ वरच राहणार. त्यांचा गट वेगळा करा, त्यांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवा, आणि दारावरच्या कागदावर त्या मशीन्सचे नंबर लिहून पुढे लिहा: ‘इथे जीसीसी १२, जुने सी प्रोग्राम वॉर्निंग देऊन चालतील, परीक्षेला मात्र १४ आहे.’ नाहीतर मुलं सरावाला तीच मशीन्स पकडतील.